पिंटूसाठी उपास

प्रेमिलाने आयुष्यात एकच गोष्ट लिहिली आणि तिथेच फसली. नरखेडकडची विधवा गोपिका, आईशी भांडून बुटीबोरीच्या कारखान्यात गेलेला तिचा पिंटू, आणि रोज संध्याकाळी त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. पिंटू शेवटपर्यंत येत नाही. सगळं मनचंच. पण चर्चच्या मंडळीच्या मासिकात गोष्टींना जागा नव्हती, म्हणून संपादकांनी ती बिनदिक्कत ‘साक्ष’ या सदरात छापून टाकली. साक्ष म्हणजे खरोखर घडलेलं, देवाला स्मरून सांगितलेलं.

पुढच्याच बुधवारी महिलांच्या प्रार्थनासभेत हर्षाकाकूंनी पिंटू घरी यावा म्हणून प्रार्थनेची विनंती मांडली. संध्याकाळपर्यंत ती व्हॉट्सॲपवर फिरली. त्यानंतरच्या बुधवारी तर काकूंनी उपासच धरला. शुगर असलेली सत्तरीची बाई! प्रेमिला पेचात पडली. सांगावं तर आपण खोटी साक्ष देणारी ठरणार, न सांगावं तर म्हातारी उपाशी.

ती पाळकसाहेबांकडे गेली. “मी खोटं बोलले का हो?”

“प्रभूनंही दाखल्याच्या गोष्टी सांगितल्या,” ते हसून म्हणाले. “त्यातल्या घर सोडून गेलेल्या पोराच्या बापाचं गाव कोणी विचारलं का?”

“पण त्याच्या पोरासाठी कोणी उपाशी नव्हतं राहिलं.”

 प्रेमिला आली होती त्याहून जास्त गोंधळून घरी गेली.

तिसऱ्या बुधवारी काकू पुन्हा उपाशीच, भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता मात्र तिला राहवेना. ती उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. “गोपिका नाही, पिंटूही नाही. मी मनानं रचलं. काकू, काहीतरी खा!”

 कोणीतरी बिस्किटाचा पुडा पुढे केला. काकूंनी तो घेतला, पण उघडला नाही.

“म्हणजे पिंटू तुह्याच हातात होता?”

“हो, काकू.”

“एक ओळ लिहिली असती, तर घरी आला असता?”

“हो.”

“मंग काहून नाही आणलं वं त्याले? माय ताट वाढून बसली होती ना?”

गोष्ट खरी वाटावी म्हणून, असं प्रेमिला म्हणणार होती. पण काकूंच्या तोंडाकडे पाहून तिला त्याची लाज वाटली. काकूंचा प्रबोध चार वर्षांपूर्वी असाच भांडून गेला होता. सगळ्या मंडळीला ते ठाऊक होतं, आणि काकूंनी विनंतीत त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

काकूंनी डोक्यावर पदर घेतला. सवयीने सगळ्यांनी डोळे मिटले.

“प्रभू, पिंटूले राहू दे,” त्या म्हणाल्या. “माह्या प्रबोधले आण. एका ओळीचं काम आहे म्हणते ही.”

सगळ्या आमेन म्हणाल्या. आपणही म्हणावं की काकूंचे पाय धरावेत, प्रेमिलाला काहीच कळेना.