तातेरावांचा खडा

शिवकन्येने पोह्यांवर लिंबाची फोड पिळली, तसा तातेरावांनी गळ्यातला रुमाल हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

जालन्याचे हे कापसाचे अडते मुलासाठी मुलगी पाहायला आष्टीला आले होते. याआधी चार घरच्या ताटल्या ते भरल्याच ठेवून उठले होते, आणि त्या घरांनी तो नकारच समजला होता. खरे कारण तोंडात होते. आंबट घास गेला की त्यांच्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज यायची. जिभेखाली लाळेच्या नळीत खडा अडकलाय, चिरून काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दुसऱ्याच्या मालातली खोट तातेराव लांबूनच ओळखत. स्वतःची मात्र त्यांनी रुमालाखाली ठेवली होती.

त्यांच्या मुलाला, मच्छिंद्राला, शिवकन्या पसंत होती. तो तिच्याकडे न बघता तिने ठेवलेल्या तांब्याकडे बघून हसत होता.

"आबा, खा ना," तो कुजबुजला. "चार ठिकाणी मी गप बसलो."

तातेरावांनी घास घेतला. दुसरा घेतला. जबडा फुगला, डोळ्यांत पाणी आले आणि तिसऱ्या घासाला जिभेखालून काहीतरी सुटले. ताटलीत टण्णकन आवाज झाला. खारकेच्या बीएवढा, पिवळसर, खडबडीत खडा.

सगळ्यांच्या माना ताटलीकडे वळल्या.

"पोह्यात खडा!" मुलीची आई चांगुणाबाई दारातच कपाळ धरून उभी राहिली. "शिवे, निवडले न्हाईस का गं?"

शिवकन्येने वाकून पाहिले. "एवढा खडा मला दिसला नसता का? आंधळी हाय का मी?"

"वरून तोंड चालवून राह्यली!"

तातेरावांनी जबडा चाचपला. सूज उतरू लागली होती. गप्प राहिले असते तर पुढची सगळी बोलणी त्यांच्याच कलाने झाली असती, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कधीच होऊन गेला होता. त्यांनी मुलाकडे पाहिले. तो आता हसत नव्हता.

"पोरीला बोलू नका, बाई," तातेरावांनी रुमाल काढला. "खडा माझा हाय. तीन वर्षं सांभाळला." आणि जीभ उचलून त्यांनी जागाही दाखवली.

आधी मुलीचे वडील हसले, मग सगळी बैठक. चांगुणाबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. तातेरावांनी खडा खिशात टाकला, ताटली चाटूनपुसून संपवली आणि पुढे सरकवली.

"अजून घाल. लिंबू बिलकुल कमी नको."

शिवकन्येने नवी फोड घेतली, तिच्यातली एकेक बी नखाने काढली आणि पिळली.

"आता काही निघालं," ती म्हणाली, "तर तेबी तुमचंच हां, आबा."