अर्ध्या मिलिमीटरची खाच

खाच नव्हती.

भुजंगरावांनी भिंग शर्टाच्या टोकाने पुसलं आणि हिरवा बोर्ड खिडकीकडे धरून डावी कड पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. कड अगदी सरळ होती. मग त्यांनी उजवी कड पाहिली, बोर्ड उलटा करून पाहिला, शेवटी डोळ्यांवर विश्वास नको म्हणून नख फिरवून पाहिलं. खाच नव्हतीच.

"अहो, इडल्या निवल्या," स्वयंपाकघरातून कमलाक्षीबाई म्हणाल्या. "डोळ्याला ताण बेडा म्हटलंय ना डॉक्टरनी? सकाळधरून काय आहे त्यात एवढं?"

"काही नाही. सुम्ने बघत होतो."

बोर्ड तंबाखूच्या भट्टीतल्या गजराचा होता. पिरियापट्टणकडे तंबाखूची पानं बंद खोलीत कितीतरी दिवस उष्णतेवर सुकवतात. उष्णता प्रमाणाबाहेर गेली की हा गजर वाजतो. तिथला दुकानदार मंजुनाथ इथे शहरात, जयलक्ष्मीपुरमला नातेवाइकांकडे आला होता. तो काल जाताजाता एक बिघडलेला नग भुजंगरावांच्या घरी दुरुस्तीला ठेवून गेला. आतला बोर्ड भुजंगरावांनीच आखलेला. चाळीस वर्षं ते हेच करत आले होते. आधी फिल्मवर काळी टेप चिकटवून, मग कॉम्प्युटरवर. तांब्याच्या रेघा कुठून कुठे जाणार ते ठरवायचं आणि सगळ्यात शेवटी बोर्डाची कड आखायची. सॉफ्टवेअरमध्ये ही कड वेगळ्या लेयरवर असते आणि कारखान्यातलं यंत्र त्याच रेघेवरून बोर्ड कापतं.

त्या कडेत भुजंगराव एक चोरखूण ठेवत. डाव्या बाजूला अर्धा मिलिमीटर आत गेलेली खाच. तिचा उपयोग शून्य. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या भागीदाराने त्यांचा स्टॅबिलायझरचा बोर्ड जसाच्या तसा स्वतःच्या नावावर विकला होता आणि तो आपला आहे हे भुजंगरावांना कोणापुढे सिद्ध करता आलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून ते प्रत्येक बोर्डाला खाच पाडत, दर मॉडेलला वेगळ्या जागी. कोणाला शंका येऊ नये म्हणून रेघ मुद्दाम वाकडी काढत, माउस निसटल्यासारखी. हे गुपित त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. शरतला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

शरत त्यांचा भाचा. बहीण भागीरथी गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मामाच्या घरी राहिला, मामाकडूनच हे काम शिकला, आणि आता इथल्याच हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. मामाने बोर्ड आखायचा, शरतने तो डबीत बसवून विकायचा. पूर्वी भुजंगराव फाइल थेट बेंगळुरूच्या कारखान्याला पाठवत. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा शरत म्हणाला, "तुमी मलाच पाठवा मामा, पुढचं मी बघतो." तेव्हापासून फाइल शरतकडे जायची आणि तयार बोर्डही तिकडेच यायचे. संशयी माणसाचं असंच असतं, दाराला दोन कुलपं लावतो आणि खिडकी उघडी टाकतो.

इडली खाताना भुजंगराव हिशेब मांडत होते. ज्याने खाच पुसली त्याला ती सापडली होती, म्हणजे चोर घरचाच. सहा महिन्यांपूर्वी शरतने अनुराग नावाचा पुण्याचा एक इंजिनिअर कामावर ठेवला होता. सगळं जुळत होतं. त्या पोराकडून शरतने बोर्ड नव्याने आखून घेतला असणार. उद्या येऊन म्हणेल, मामा, तुम्ही आता आराम करा. ज्याला हाताला धरून शिकवलं, त्याने न सांगता आपल्याला बाजूला सारावं, याची भुजंगरावांना भीती वाटली. पण भ्यालो म्हणण्यापेक्षा चिडलो म्हणणं सोपं असतं, म्हणून ते चिडले.

पुरावा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिरियापट्टणला निघाले. बसमध्ये शेजारी बैलकुप्पेला चाललेला एक तिबेटी भिक्षू होता. तो त्यांच्या पिशवीकडे पुन्हा पुन्हा पाहत होता. भुजंगरावांनी पिशवी झटकन मांडीवर ओढून घेतली. तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याला पिशवीखाली अडकलेलं आपलं उपरणं सोडवता आलं.

मंजुनाथच्या दुकानात त्यांनी तीन कोरे नग खोलायला लावले. एकालाही खाच नव्हती. बाकी सगळं मात्र हुबेहूब होतं. एका कोपऱ्यात भुजंगरावांनी घाईत तिरपी टाकलेली रेघसुद्धा तशीच तिरपी होती. दुसरा कोणी म्हणाला असता, बोर्ड आपलाच आहे. भुजंगराव मनात म्हणाले, काय बेमालूम चोरी आहे!

"हे तुला कोण देतं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"काय सार, असं विचारता?" मंजुनाथ हसला. "तुमचा शरतच आणून देतो की."

"एकटाच येतो?"

"हल्ली ते पुण्याचं पोरगं असतं बरोबर."

एवढं पुरे होतं. परतीच्या वाटेवर भुजंगरावांनी मनात वाक्यं जुळवली, खोडली, पुन्हा जुळवली. शेवटी एकच ठेवलं: माझ्या सगळ्या फाइली परत दे आणि आजपासून मला मामा म्हणू नकोस. ते घरी न जाता सरळ हेब्बाळला गेले.

वर्कशॉप पहिल्या मजल्यावर होतं. "या काका, बसा ना. पाणी आणू?" म्हणत अनुराग उठला. भुजंगरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून बोर्ड काढून त्यांनी शरतच्या पुढ्यात ठेवला.

"ह्याची कड कुणी आखली?"

शरतचा चेहरा उतरला. त्याने बोर्डाला हातसुद्धा लावला नाही.

"अनुराग, जरा खाली जाऊन तीन कॉफी घेऊन ये," तो म्हणाला. अनुराग गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं. चोर सापडला की समाधान होतं म्हणतात, भुजंगरावांना ते होईना.

"मीच केलो मामा," शरत म्हणाला. "तुमाला विचारायला पायजे होतं, नाही विचारलो. तुमाला राग आला, बरोबर आहे. चूक माझीच."

"कधीपासून?"

"तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून. सगळ्याच फाइली."

"आणि हा अनुराग?"

"अय्यो, त्याला काहीच ठाऊक नाही. त्याला दुसरं काम देऊन मी एकटा बसतो."

शरतने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि मामाने पाठवलेली मूळ फाइल उघडली. आतल्या रेघा लपवून त्याने फक्त कड ठेवली, मग डावी बाजू मोठी केली, आणखी मोठी केली. अर्ध्या मिलिमीटरची खाच वीतभर झाली. वाकडी, माउस निसटल्यासारखी.

"इथं रेघ आत गेली बघा. ह्या दुसऱ्या फाइलीत इथं. तिसऱ्यात अजून स्वल्प खाली. पहिल्या वेळी मला वाटलं, एखाद्या वेळी होतं. मग दर वेळी यायला लागलं. मामाचा हात असा कधी हलायचा नाही. डोळ्यामुळं आहे का दुसरं काय आहे..." त्याने माउस बाजूला सारला. "कसं विचारू तुमाला? ज्यांनी मला कड आखायला शिकवली, त्यांनाच सांगू कड चुकली म्हणून? म्हणून मीच रेघ सरळ करून पाठवत होतो. मामीलाही बोललो नाही. अनुराग बघून हसायला नको म्हणून त्याला तुमची फाइल उघडूच देत नाही."

भुजंगराव पडद्याकडे पाहत राहिले. अरे, ती चूक नाही, खूण आहे. एवढंच बोलायचं होतं. बोललं की डोळे शाबूत, हात शाबूत, चाळीस वर्षांचा मान शाबूत. पण शरत विचारणार, कसली खूण? चोर ओळखायची. कोण चोर, मामा? वर्षभर तर ही फाइल माझ्याशिवाय कुणाकडेच येत नाही.

त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. शरतच्या मनाला मात्र दुसरं काही शिवलंच नव्हतं. फाइलीतली चूक ज्यांच्या लक्षातही आली नव्हती ते मामा नुसती सरळ कड बघून इथवर आलेच कसे, हे त्याने विचारलं नाही. ज्याच्या मनात संशय नसतो त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

"हलतो रे अलीकडे," भुजंगराव म्हणाले. "हात हलतो."

शरतने फाइल बंद केली आणि म्हणाला, "ह्यापुढं कड मी आखू का मामा? आतलं सगळं तुमीच करा. फक्त कड."

चाळीस वर्षांत भुजंगरावांनी आपल्या बोर्डाची कड दुसऱ्या कुणाला आखू दिली नव्हती.

"आख," ते म्हणाले.

अनुराग कॉफी घेऊन आला. भुजंगरावांनी त्याला पुण्यात घर कुठे आहे ते विचारलं, आई काय करते ते विचारलं. तो मोकळेपणाने सांगत राहिला. शरत मध्येच म्हणाला, "गुरुवारी डॉक्टरकडे जाऊ मामा, दुसरा डोळापण दाखवून येऊ." भुजंगराव बरं म्हणाले.

निघताना शरत जिन्यापर्यंत आला आणि त्याने त्यांचं कोपर धरलं. "सावकाश हं. पायऱ्या उंच आहेत."

खिडकीतून ऊन येत होतं. भुजंगरावांना एकूण एक पायरी स्वच्छ दिसत होती, टवका उडालेली चौथीसुद्धा. त्यांनी शरतच्या हातावर थोडा भार टाकला आणि पहिल्या पायरीवर पाय चाचपडत ठेवला.