कातडीतला कच्चा दोर

मित्रांनो, स्वतःला जुना म्हणवून घ्यायची मला फार हौस होती, पण ती काही पुरी व्हायची नाही. मी अगदी नवा आणि जन्मतःच कच्चा असलेला एक दोर आहे. माझं नाव केराटिन. राहणार कंधारजवळच्या एका खेड्यात, एका तान्ह्या मुलीच्या काखेत, कातडीच्या तळच्या थरातल्या एका पेशीत.

पेशी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. तिलाही सांगाडा असतो. त्यात पोकळ नळ्या असतात, अगदी बारीक तंतू असतात, आणि या दोघांच्या मधल्या जाडीचे आम्ही. नळ्यांवरून मालाची ने-आण होते, बारीक तंतू पेशीला हलवतात, त्यामुळे कौतुक त्यांच्याच वाट्याला. आमचं काम एकच, ताण सोसायचा. बाजेची दोरी तुटेपर्यंत तिच्याकडे कोण बघतं? आम्ही एकमेकांत पीळ घालून दोर वळतो आणि पेशीच्या कडेच्या गाठींना स्वतःला बांधून घेतो. शेजारची पेशीही त्याच गाठीला बांधलेली असते. म्हणून बाळाला उचललं तरी त्याची कातडी जागची हलत नाही.

माझ्या पिळातच खोट राहिली. आम्हाला घडवायचा जो नमुना असतो, त्यात एवढीशी चूक झाली. ती आईकडून आली नाही की बापाकडून आली नाही, मुलगी पोटात आकार घेत होती तेव्हा आपसूक झाली. पण एक पदर कुजका निघाला की सगळा दोर वाया जातो.

आईच्या पोटात पाण्यातच होतो, तोवर निभावलं. बाहेर आलो आणि न्हाणं सुरू झालं.

न्हाऊ घालायला सिद्धम्मा यायची. मूळची देगलूरकडची, गावातली निम्मी लेकरं तिच्याच पायांवर न्हालेली. पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, तेल जिरवायची, हरभऱ्याच्या पिठाचा गोळा अंगभर फिरवायची, कढत पाणी ओतायची आणि शेवटी निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी द्यायची. तिच्या हातात माया होती, खोटं कशाला बोलू? पण घासणं आणि उष्णता हेच तर माझे वैरी. आम्ही पटापट तुटलो, तळच्या पेशी फुटल्या, तिथं पाणी साचलं आणि पाठीवर फोड उठले.

"मावशी, जरा हळू," बाळाची आई आरती म्हणाली.

"कायला भिऊन राहिलीस गं? पोटातली गरमी हाय, बाहेर निघून राहिली. दाबून चोळलं की जाती."

मग काय, फोड वाढले तसं चोळणं वाढलं. आरतीचा नवरा बजरंग धुरीला जास्तीचे निखारे आणून द्यायला लागला. सुरुवातीला भिणारी आरतीही शेवटी स्वतःच्या हातानं पीठ भिजवून द्यायला लागली. मला तिचा राग येत नाही. येतो तो माझाच.

एकदा पायांवरून उचलताना काखेतली कातडी सिद्धम्माच्या बोटांना चिकटून आली. तिनं हात मागे घेतला तो घेतलाच. पुन्हा बाळाला शिवली नाही. त्याच दिवशी आरती आणि बजरंग बाळाला गोधडीत घट्ट गुंडाळून एसटीनं नांदेडला आले.

कातडीच्या डॉक्टर विशाखाबाईंनी जखमांना चिकटलेली गोधडी कात्रीनं कापून सोडवली. नीट तपासलं. "ताई, ही गरमी नाही. हिच्या कातडीतले दोर जन्मापासून कच्चे आहेत. यात तुमचा दोष नाही. पण आता हिला चोळायचं नाही, काखेत धरून उचलायचं नाही, छातीशी आवळायचं नाही."

"अन् औषध?" बजरंगनं विचारलं.

"दोर बदलायचं औषध माझ्याकडे नाही. जखमा जपल्या तर काही लेकरं तगतात. पण हिच्या जखमा चिघळल्यात, विष रक्तात गेलंय. मी प्रयत्न करते."

बाळाला दवाखान्यात ठेवून घेतलं. ते रडायचं तेव्हा आरतीचे हात आपोआप पुढे यायचे. मग ती ते मांडीखाली दाबून बसायची. जखमांवर औषधाच्या पट्ट्या होत्या, त्यांच्या आत आम्ही जमेल तसे पुन्हा वळले जात होतो. पण नमुनाच खोटा, मग नवा दोर तरी खरा कुठून निघणार?

मित्रांनो, एवढं ऐकाच. एखाद्या तान्ह्याची कातडी हात लावताच सुटत असेल तर त्याला गरमी म्हणू नका, घाण म्हणू नका, चोळू तर मुळीच नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि असं एखादं मूल जपून जपून तुमच्या वर्गापर्यंत पोचलं, तर त्याच्या फोडांना बिचकून बाक बदलू नका. त्याचं दुखणं तुम्हाला लागत नाही.

एका दुपारी बाळाचा श्वास थांबला. विशाखाबाईंनी सलाइनची नळी काढली. आरती उठून उभी राहिली.

"आता दुखत न्हाई ना तिला?"

"नाही, ताई."

"मग द्या माझ्यापाशी."

तिनं बाळाला काखेत धरून उचललं आणि छातीशी घट्ट, अगदी घट्ट आवळलं. तिच्या हाताखाली मी तुटलो. बाळ रडलं नाही.