वर्दीला तेल लागेल म्हणून

दिग्रसच्या जिनात कापसाचा हंगाम भरात आला होता. चीनच्या लढाईनंतरच्या भरतीत गेलेला मारोतरावांचा घनश्याम ट्रेनिंग संपवून पहिल्यांदाच सुटीवर आला होता.

त्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. इंदुबाईंनी भाकरी टाकल्या. मारोतराव जिनातून येऊन हातांचं तेल राखेनं घासत बसले. थोरली विमल शाळेत शिकवून परतताना वाचनालयातलं पुस्तक बदलून आली. एवढंच की वडिलांनी हाक मारली की घनश्याम ताडकन उठून ताठ उभा राही. जेवण तर असं आटोपी की इंदुबाईंच्या हातातली भाकरी हातातच राही.

"काहून रे, कोणी हिसकून घेते काय तिथं?" विमलनं विचारलं.

तो हसला नाही. परेडीत पापणीवर गांधीलमाशी बसली, डसली, तरी आपण हललो नाही, उस्तादांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, असं त्यानं सांगितलं. मारोतरावांनी शेजारच्या सदाशिवरावांना बोलावून ती गोष्ट त्याला पुन्हा सांगायला लावली. विमलला त्या पापणीकडं पाहवेना.

दुसऱ्या दिवशी मारोतराव त्याला वर्दी घालून जिनात घेऊन गेले. जिनाच्या मालकाला, शेटला, त्याला वर्दीत पाहायचं होतं. विमल डबा घेऊन पोचली तेव्हा मजूर काम सोडून गोळा झाले होते.

मारोतराव तिथं ऑइलमन होते. चालत्या शाफ्टला तेल द्यायला ते शिडीवर चढत, तेव्हा कमरेला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक खाली कोणीतरी घट्ट धरून ठेवी. तोल यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्याकडं गेलाच तर माणूस मागं ओढता येई. भरतीआधी ते काम घनश्यामचं होतं, आता नेमसिंग नावाच्या मजुराचं. नेमसिंग शेटसाठी खुर्ची आणायला गेला होता, म्हणून सवयीनं घनश्यामनं टोक धरलं.

यंत्रांच्या आवाजात मारोतराव त्याच्या कानाशी वाकले. शेजारी उभ्या विमललाच ते ऐकू आलं.

"सोड थे. वर्दीले तेल लागन. तिथं सावधान उभा राह्य, शेटले दिसू दे. मी म्हणीन तवाच हाल."

घनश्यामनं टोक सोडलं. टाचा जुळवल्या, नजर समोर. मारोतराव शिडी चढले. दुपट्ट्याचं मोकळं टोक पट्ट्याकडं उडालं आणि त्यात गुंडाळलं गेलं. विमल किंचाळली तेव्हा घनश्याम धावला. पण तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर साऱ्या दिग्रसमध्ये एकच बोलणं होतं: बाप पट्ट्यात गेला आणि पोरगा सावधान उभा. इंदुबाईंच्या कानावरही ते आलं. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. तो काही सांगेना. आपली बाजू मांडायची नाही, हे त्याला ट्रेनिंगमध्ये पक्कं शिकवलेलं. आणि विमल? भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, मारोतरावांनी लेकाची वर्दी डोळे भरून पाहिली, समाधानानं गेले. आई त्या एका वाक्यावर तगून होती. ते कसं हिसकावायचं?

तेरवी झाली. सकाळच्या यवतमाळच्या गाडीनं घनश्यामला निघायचं होतं. ट्रंक दाराशी ठेवून तो आईच्या पाया पडायला वाकला. इंदुबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"तुह्या पलटणीतच जाय," त्या भिंतीकडं पाहत म्हणाल्या. "तिथं असेच लागतात."

तो सरळ झाला. टाचा आपोआप जुळल्या. त्यानं ट्रंक उचलली, आणि विमलला कळलं, हा आता या घरी परत येणार नाही. तिनं ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

"आई, त्यानं दुपट्टा धरला होता," ती म्हणाली. "बाबानं सोडाले लावला. वर्दीले तेल लागन म्हणे, मी म्हणीन तवाच हाल म्हणे. मी बाजूलेच होती, माह्या कानानं आयकलं. त्या दिवशी बाबाले पोरापेक्षा वर्दी मोठी झालती, आई."