सहा चोक तेवीस

मी एक जुना लाकडी क्रेट आहे, मित्रांनो, सोड्याच्या चोवीस बाटल्यांचा. आणि आधीच कबूल करून टाकतो: मी एका मुलीला चुकीचं शिकवलं. मुद्दाम नाही, पण शिकवलं. त्यापायी तिची शाळा सुटायची वेळ आली होती. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आधी आपण किती राबलो, किती झिजलो ते सांगतात आणि ऐकणाऱ्याला डोळे पुसायला लावतात. मीही राबलो. पण डोळे पुसून घ्यायला मी बोलत नाहीये.

मला एका सुतारानं केलं. तो सोड्याच्या कारखान्यातच कामाला होता. त्यानं चार फळ्यांची चौकट ठोकली, तळाला पट्ट्या मारल्या. मग तीन लांब आणि पाच आखूड पट्ट्यांना करवतीनं खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या. झाले माझे चोवीस खण. सहा-सहाच्या चार ओळी. एका खणात एक बाटली, घट्ट उभी. दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं पाडली, आणि सुतारानं मला उचलून असं हलवून पाहिलं, की जणू मी काही बोलेन. मी कुरकुरलो नाही. तो खूश झाला.

कारखान्यात माझी फार चलती होती. गाडीत माल चढवणारे माझ्या कडेवर थाप मारायचे आणि म्हणायचे, चोवीस. आत डोकावायचेसुद्धा नाहीत. दुकानदार थाप मारायचा, चोवीस. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. आता वाटतं, कसला अभिमान? न बघता कुणी मान डोलावली, तर त्यात फुगण्यासारखं काय होतं?

एकदा वळणावर गाडीचं मागचं फाळकं उघडलं आणि मी रस्त्यावर आलो. बाटल्या फुटल्या, आणि माझा एक कोपरा चेचला. सुतारानं मला पुन्हा उभं केलं, पण त्या कोपऱ्यात जोर राहावा म्हणून त्यानं तिथल्या खणावर एक जाड फळी ठोकून खण कायमचा बंद केला. काम मजबूत झालं. फक्त मी चोवीसचा राहिलो नाही. चढवणारे मला 'लंगडा' म्हणायला लागले. लंगड्यात तेवीस, हे त्यांना माहीत होतं. पण दुकानदारांना कुठे माहीत? ते सवयीनं थाप मारायचे, आणि मग एक बाटली कमी म्हणून भांडायचे. पुढे प्लास्टिकचे क्रेट आले. मी शेडच्या मागे पडलो. दोन वर्षं ऊन खाल्लं, काळा पडलो.

तिथून मला सुताराच्या बहिणीनं घरी नेलं. ती त्याच कारखान्यात बाटल्या धुवायची. दिवसभर हात धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायम फाटलेली. घर म्हणजे एक खोली, एक खिडकी, आणि एक मुलगी. मुलीला सगळे बारकी म्हणायचे. बारकीला लिहायला टेबल नव्हतं, म्हणून मी टेबल झालो. मी पालथा पडलो की टेबल, सुलटा झालो की बारकीचं कपाट. माझ्या त्या बंद कोपऱ्यावरच्या फळीवर ती पेन्सिल ठेवायची. तिच्या लेखी तो खण नव्हताच. ती पेन्सिल ठेवायची जागा होती. हे लक्षात ठेवा.

आता बारकीचं शाळेतलं सांगतो. तिच्या वर्गात पाढे एका सुरात म्हणायचे. चाळीस पोरं, एक ताल, मागे-पुढे झुलत. ज्याला ताल जमला त्याला पाढे आले, असा हिशोब. बारकीला ताल जमायचा नाही. ती नुसते ओठ हलवायची. एकटीला उभं केलं की गप्प. बाईंनी तिला मागच्या वर्षी एकदा खालच्या वर्गात बसवलं होतं. या वर्षी बाई म्हणाल्या होत्या की लहान आकड्यांचे पाढे, दोनपासून सहापर्यंतचे, कुठलाही मधूनच विचारीन. शनिवारी उत्तरं आली नाहीत तर पुन्हा खाली.

घरी हे कळलं तेव्हा आई काही ओरडली नाही. तिनं सरळ सांगितलं की मलाही पाढ्यांनीच घालवलं होतं शाळेतून, आणि मग म्हणाली, "परत खाली बसवलं तर शाळा पुरे. माझ्याबरोबर बाटल्या धुवायला यायचं."

ज्याला पाढा पाठ येत नाही त्याला डोकं नाही, असं ज्या कुणी ठरवलं असेल, त्याच्या डोक्यावर मला बाटल्यांनी भरून ठेवा आणि तीन जिने चढायला लावा. मग तो सांगेल कुणाला काय येतं ते.

बारकी मात्र रडत बसली नाही. मामानं, म्हणजे त्याच सुतारानं, तिला कधीतरी बाटल्यांच्या जुन्या बुचांची पिशवी आणून दिली होती, खेळायला. ती तिनं काढली. माझ्या एकेका खणात एकेक बूच टाकलं आणि बोटानं मोजायला लागली. एका ओळीत सहा. दुसरी ओळ मोजली, बारा झाले. तिसरी, अठरा. ती थबकली. मग मला गर्रकन वळवून दुसऱ्या बाजूनं मोजलं. चार, आठ, बारा, सोळा, वीस. मला तिच्या बोटांतून कळलं, मित्रांनो, काहीतरी उघडत होतं. एरवी तिला पाढे म्हणजे कुणाच्या तरी मागे धावणं वाटायचं. आता ती थांबून बघू शकत होती.

चार दिवस हेच चाललं. तीन पंचे पंधरा, तिनं बुचांनी करून पाहिलं. पाच त्रिक पंधरा, तेही. मला वळवलं तरी बुचं तेवढीच राहतात, म्हणजे निम्मे पाढे फुकटात येतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं मला वळवून वळवून शोधलं. आणि सहा चोक किती, तर तिनं माझ्या सगळ्या खणांत बुचं टाकली आणि मोजली. तेवीस. वळवलं, चार सक किती ते पाहिलं. तेवीस. दोन्हीकडून तेवीस. तिनं वहीत लिहून टाकलं.

मी बोलू शकलो असतो तर तेव्हाच बोललो असतो.

शनिवारचं मी पाहिलं नाही. बारकीनं घरी येऊन सांगितलं तेच सांगतो. बाईंनी विचारलं, तीन पंचे? तिनं सांगितलं, पंधरा. पाच चोक? वीस. बाईंच्या भुवया वर गेल्या. चार त्रिक? बारा. मग बाईंनी विचारलं, सहा चोक, आणि बारकी म्हणाली, तेवीस. वर्ग हसला. बाईंनी पुन्हा विचारलं, आता जरा दमानं, म्हणजे तिला सुधारायची संधी होती. बारकी पुन्हा म्हणाली, तेवीस. बाई म्हणाल्या, चोवीस म्हण. आणि ही पोरगी म्हणाली, "बाई, तेवीसच होतात. मी दोन्हीकडून मोजलेत."

यालाच शाळेत उलट उत्तर म्हणतात. सोमवारपासून खालच्या वर्गात बस, असं बाईंनी सांगितलं, आणि ते चुकल्यापेक्षा जास्त उलट बोलल्याबद्दल होतं.

आई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं की चोवीस म्हणायला काय झालं होतं? एक आकडा तर म्हणायचा होता. बारकी म्हणाली, खोटं होतं ते. आई म्हणाली, मग सोमवारी माझ्याबरोबर चल, तिथे खरं-खोटं कुणी विचारत नाही.

बारकी माझ्याजवळ येऊन बसली. आता मात्र ती रडत होती. रडत रडतच तिनं एकेक बूच खणात टाकलं, शेवटचं टाकलं, आणि आईला म्हणाली, "तू मोज."

आईला पाढे येत नव्हते, पण मोजता येत होतं. दिवसाला हजारभर बाटल्या तिच्या हाताखालून जायच्या. तिनं फाटलेल्या बोटानं एकेका बुचाला हात लावत मोजलं. तेवीस. कपाळाला आठी घालून तिनं पुन्हा मोजलं, यावेळी उलट्या बाजूनं. तेवीस. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. राग होता, पण तो मुलीवर नव्हता.

सोमवारी आईनं खरंच मुलीला बरोबर घेतलं. पण कारखान्याकडे वळायच्या ऐवजी ती शाळेकडे वळली. मी तिच्या कमरेवर, बुचांची पिशवी बारकीच्या हातात. आयुष्यात हजार दुकानांत गेलो होतो, शाळेत पहिल्यांदाच. आईनं मला बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाई म्हणाल्या की वर्ग चालू आहे.

"चालू द्या," आई म्हणाली. "पोरगी खोटं बोलली म्हणून खाली बसवली ना तुम्ही? मोजा तुम्हीच."

चाळीस पोरं माना उंचावून बघायला लागली. बारकीनं बुचं टाकली, आणि बाईंनी मोजली. मी श्वास घेत असतो तर रोखून धरला असता. तेवीस. बाईंनी पुन्हा मोजली. मग त्यांचं बोट हळूच माझ्या कोपऱ्यातल्या फळीवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांना कळलं होतं. मोठ्या माणसाला अशा वेळी पटकन सांगून मोकळं व्हायची घाई असते. बाईंनी ती केली नाही. याबद्दल मी त्यांना बरंच काही माफ करतो.

त्यांनी बारकीला जवळ घेतलं आणि विचारलं की एका ओळीत किती आहेत. बारकी म्हणाली, सहा. सगळ्या ओळींत? बारकी बोट फिरवायला लागली. सहा. सहा. सहा. चौथ्या ओळीच्या टोकाला तिचं बोट फळीवर आपटलं. रोज पेन्सिल ठेवायची ती जागा. तिनं फळीवर तळवा ठेवला, जसा कुणाच्या कपाळावर ताप बघायला ठेवावा तसा.

"इथे पाचच आहेत, बाई," ती म्हणाली. "हे सहा चोक नाहीच."

"मग काय आहे?"

"सहा त्रिक, आणि वर पाच."

बारकीनं पिशवीत हात घातला, आणखी एक बूच काढलं आणि फळीवर, माझ्या बंद खणावर ठेवलं. मग आईकडे वळून तिनं सांगितलं, चोवीस.

मित्रांनो, सगळ्या ओळी सारख्या असल्या तरच तो पाढा. एवढी साधी गोष्ट. चाळीस पोरं झुलत झुलत चोवीस म्हणत होती आणि कुणाला ती माहीत नव्हती. बाईंनी वर्गाला विचारलं, कुणी कुणी सहा चोक कधी मोजून पाहिलंय? एकही हात वर आला नाही. मग बाई म्हणाल्या, "मीही नव्हतं मोजलं. आजच मोजलं." हे त्या चाळीस पोरांसमोर म्हणाल्या. त्याला छाती लागते. बारकी आपल्याच वर्गात, आपल्या जागेवर जाऊन बसली, आणि आई कारखान्यात उशिरा पोचली. तिथे तिला बोलणी बसली. ती संध्याकाळी हसत हसत सांगत होती.

बाईंनी मला दुसऱ्या दिवसापासून शाळेसाठी मागितलं होतं. संध्याकाळी मामा हातोडी घेऊन आला, म्हणाला फळी काढतो, खण नीट करून देतो, नाहीतर शाळेत माझी अब्रू जाईल. बारकी म्हणाली, राहू दे, बाईंना लंगडाच हवाय. मामा म्हणाला, म्हणजे माझं फसलेलं काम सगळ्या पोरांसमोर मांडून ठेवणार?

"खूश हो, दादा," आई म्हणाली. "आपल्या घरातलं एक तरी काम शाळेत टिकलं."

त्या घरातली ती माझी शेवटची संध्याकाळ. मामा गेल्यावर आई माझ्याजवळ बसली आणि सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं की चार ओळी झाल्या, पण पाचवी असती तर? बारकीनं माझ्या फळीवर एक बूच ठेवून चोवीस पुरे केले, आणि माझ्या बाहेर, जमिनीवर, आणखी सहा बुचं ओळीनं मांडली. सहा पंचे तीस. आईनं माझ्यातली मोजली, जमिनीवरची मोजली, आणि तीस आल्यावर तिनं सहावी ओळ स्वतःच्या हातानं मांडायला घेतली. मी दारापर्यंत पुरलो नसतो, पण त्यांची बुचं त्या दिवशी दारापर्यंत गेली.

आता मी वर्गातल्या खिडकीखाली असतो. दर वर्षी नवी पोरं येतात. बाई विचारतात, सहा चोक? सगळी ओरडतात, चोवीस. मग बाई मला टेबलावर ठेवतात, आणि वर्गात शांतता पसरते. ती शांतता मला फार आवडते. दुकानदाराच्या थापेपेक्षा कितीतरी जास्त. बारकी आता वरच्या वर्गात आहे. कधी बाई तिला बोलावतात, आणि एखादं घाबरलेलं पोर माझ्यासमोर उभं असलं की ती त्याच्या हातात बुचांची पिशवी देते आणि एकच शब्द सांगते: मोज.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल पाडा, उलटा करा, माझ्यावर बसा. फक्त थाप मारून पुढे जाऊ नका. आणि वर्गात सगळे एक म्हणत असताना कुणी एकटी पोर वेगळं म्हणाली, तर हसायच्या आधी तिला विचारा की कसं मोजलंस. तिच्या हातात कदाचित माझ्यासारखा लंगडा क्रेट असेल. पण मोजलेलं तिनंच असेल.