कार्मीनचा अर्धा तेर्स

ब्लेझबाबच्या टीव्हीवरच्या बातम्या अख्ख्या वाडीला ऐकू जायच्या. शेजारच्या यशोदाबाई म्हणायच्या, "आमच्या घराक टीव्हीची गरजच नाय. आवाज हयसून येता, चित्र मनात बघूचा."

आपल्यापैकी किती घरांत असं होतं! घरातल्या वयस्कर माणसाला कमी ऐकू यायला लागतं. आपण आवाज चढवतो, कधी चिडतो, कधी हसतो, आणि वय झालं म्हणून सोडून देतो. ब्लेझबाबचंही तसंच सोडून दिलं होतं.

ब्लेझबाबने मसुऱ्यात चाळीस वर्षं भाताची गिरण चालवली. इंजिनाचा धडधडाट, पट्ट्याची फटफट, हवेत कोंडा. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. पण त्याची बायको कार्मीन कधी ओरडली नाही. दुपारी ती पेजेचा डबा घेऊन यायची, त्याच्या डाव्या अंगाला उभी राहायची आणि खांद्यावर हात ठेवून कानाशी म्हणायची, "ब्लेझा, जेवन घे." उजवा कान इंजिनाच्या बाजूचा, तो आधी गेला हे तिलाच माहीत होतं. गाव त्याला ब्लेझबाब म्हणायचं. नुसतं 'ब्लेझा' म्हणणारी माणसं दोनच. कार्मीन आणि थोरली बहीण सेलिना.

कार्मीनला जाऊन दीड वर्ष झालं. सकाळी छातीत दुखतं म्हणाली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मूलबाळ नव्हतं. ब्लेझबाबने गिरण बंद केली. सेलिना विधवा होती, एकटीच गोव्यात राहायची. ती बोचकं बांधून भावाकडे आली.

संध्याकाळी देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की ख्रिस्ती घरांत तेर्स म्हणतात. जपमाळेची ही प्रार्थना दोघांनी मिळून म्हणायची असते. एकाने अर्धी ओळ म्हणायची आणि दुसऱ्याने ती पुरी करायची. तेहेतीस वर्षं पहिला अर्धा कार्मीनचा आणि "सांता मारिये" पासूनचा पुढचा ब्लेझबाबचा. ती गेल्यावर तीन महिने तो आल्तारासमोर, घरातल्या देव्हाऱ्यासमोर, बसलाच नाही. अर्धा तेर्स कोण म्हणणार?

मग एका संध्याकाळी मेणबत्ती लावून तो बसला. सेलिना देवळात गेली होती. घर गप्प होतं. आणि डाव्या अंगाने कार्मीनने तिचा अर्धा भाग म्हटला. अगदी स्वच्छ! ब्लेझबाबच्या अंगावर काटा आला. पण तोंडातून आपोआप शब्द आले, "सांता मारिये..."

त्या दिवसापासून तो संध्याकाळची वाट बघायला लागला. दाढी करायचा कंटाळा यायचा, जेवायचा कंटाळा यायचा, पण तेर्स चुकला नाही.

एकदा सेलिना देवळातून लवकर परतली. भाऊ डोळे मिटून बसला होता. गप्प. मग "सांता मारिये". पुन्हा गप्प. पुन्हा "सांता मारिये". ती दारातच थांबली.

"अर्धोच तेर्स कित्याक म्हणतंस रे?"

"अर्धो कार्मीन म्हणता," तो सहज म्हणाला.

सेलिनाने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली. तिच्या मते कार्मीनच्या आत्म्याला शांती नव्हती, तो प्रार्थना मागत होता. दुसऱ्या दिवशी तिने हे यशोदाबाईंना सांगितलं. यशोदाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असा झाला तर आम्ही देवळात गाऱ्हाणा घालतो. तुमी तुमच्या देवाक सांगा, मी माझ्या देवाक सांगतंय. दोनव बाजूनी बघूया." एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत होतं. डॉक्टरला काही सांगायचं नाही. लोक भावाला वेडा म्हणतील.

पण टीव्हीचा आवाज कुणालाच सहन होईना. शेवटी सेलिनाने भावाला कसालच्या कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. "फक्त कानाचा सांग. बाकी तोंड उघडू नको."

डॉक्टर गौरजा मसुऱ्याचीच निघाली. लहानपणी वडिलांबरोबर सायकलवर भाताचं पोतं घेऊन गिरणीत यायची.

"कार्मीनकाकीने मला गूळ दिला होता," ती म्हणाली. "आवाजाला घाबरून रडत होते म्हणून."

एवढं ऐकलं आणि ब्लेझबाबला राहवलं नाही. बहिणीची ताकीद विसरून त्याने सगळं सांगून टाकलं.

गौरजा हसली नाही, दचकलीही नाही. तिने कान तपासले, मशिनावर चाचणी घेतली. मग समोर बसून सावकाश बोलली.

"काका, गिरणीत भात संपलं आणि इंजिन चालूच राहिलं तर काय होतं?"

"रिकामी फिरता. आवाज जास्तच करता."

"तसंच झालंय. चाळीस वर्षांच्या आवाजाने तुमचे कान निकामी होत आले. मेंदूकडे आवाज पोचत नाही. पण मेंदू थांबत नाही. बाहेरून भात येईना, मग तो आतलं साठवलेलं दळतो. आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त साठवण कुणाची, तर काकीची."

"म्हणजे माका खूळ लागला?"

"अजिबात नाही! जवळचं माणूस गेल्यावर कितीतरी जणांना त्याचा आवाज येतो. लाजेने कुणी सांगत नाही, एवढंच. काहींना मात्र आवाज धमकावतात, नको ते करायला सांगतात. तो वेगळा आजार आहे, आणि त्यालाही औषध आहे. पण आपण त्या माणसांना आधी अंगारा लावतो, मग लपवतो, आणि डॉक्टरकडे आणतो तेव्हा वर्षं फुकट गेलेली असतात." मग ती मालवणीत म्हणाली, "काका, एक सांगा. काकी तुमका कधी नवीन काय सांगता?"

उत्तराची वाट न बघता तिने एक लहानसं मशीन काढून त्याला दाखवलं.

"कानातलं मशीन लावा. बाहेरचं ऐकू यायला लागलं की आतला आवाज बहुतेक कमी होईल."

"कमी म्हणजे जातलो?"

"जाईलसुद्धा."

ब्लेझबाब उठला. "मगे माका मशीन नको," म्हणाला आणि बाहेर पडला.

एसटीत खिडकीशी बसून तो त्याच प्रश्नाचा विचार करत राहिला. नवीन काय सांगते? खरी कार्मीन कधीच नीट तेर्स म्हणायची नाही. मध्येच थांबायची. हातात जपमाळ, डोळे आल्ताराकडे आणि तोंडात, "ब्लेझा, कोंबडी झाकलंस मां? दुधाचा भांडा वर ठेवलंस?" तो रागवायचा, "देवाच्या वेळेक तरी गप रव गो!" हल्ली जी यायची ती एकदाही थांबायची नाही. कोंबड्यांचं विचारायची नाही. त्याने आठ दिवस दाढी केली नव्हती, त्याबद्दलही काही म्हणाली नाही.

हे त्याला कळलं, पण त्याने ते बाजूला सारलं. आवाज तर तिचाच होता ना? तेवढा तरी राहू दे. घरी येऊन त्याने सेलिनाला सांगितलं, "डॉक्टर म्हणाली, वयाचा हा."

सेलिना खूश झाली. "मी तुका आधीच सांगलंय."

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते घडलं. सेलिनाचे पाय दुखत होते म्हणून ती देवळात गेली नाही. वाळत घातलेले कपडे आणायला मागल्या अंगणात गेली. घंटा झाली, ब्लेझबाबने मेणबत्ती लावली आणि डोळे मिटले.

आज हाक आली. "ब्लेझा!" लांबून, बारीक. पुन्हा आली. "ब्लेझा... ब्लेझा..."

त्याचं मन भरून आलं. आजवर ती फक्त प्रार्थना म्हणायची. आज पहिल्यांदाच नावाने हाक मारत होती. नवीन काहीतरी! डॉक्टरला काय कळतं? तो डोळे मिटूनच म्हणाला, "आयकतंय गो, आयकतंय." आणि तेर्स सुरू केला. हाका येत राहिल्या. तो हसत राहिला. जपमाळेची दहा-दहा मण्यांची पाचही दशकं त्याने पुरी केली.

कुणीतरी त्याला दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. डोळे उघडले तर समोर यशोदाबाई, धापा टाकत.

"ब्लेझबाब! सेलिनाबाय बावीकडे पडली हा! कधीपासून साद घालता! मी आता घराक इलंय तर आमच्या घरापर्यंत आयकाक इला, आणि तुमी हय बसान हसतास?"

सेलिना विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडाशी शेवाळावर घसरली होती. पाय वाकडा झाला होता. हातात अजून भावाचा शर्ट होता. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

ब्लेझबाब तिच्याशेजारी चिखलात बसला. ज्या हाकेवर तो खूश होऊन बसला होता, ती जिवंत बहिणीची हाक होती! मेलेल्या माणसाचा आवाज जपता जपता त्याने जिवंत माणसाला अर्धा तास जमिनीवर टाकून ठेवलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी खाटेजवळ बसून त्याने तिला सगळं सांगितलं. डॉक्टरने काय म्हटलं होतं, आपण काय लपवलं, आणि बावीकडची हाक आपल्याला कुणाची वाटली.

सेलिनाने त्याच्याकडे मान वळवली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझो आवाज तुका कार्मीनसारखो लागलो? तिचो आवाज मधासारखो होतो मेल्या, माझो बघ, कावळ्यासारखो!"

तो हसायला गेला आणि रडायला लागला.

"रडू नको," ती म्हणाली. "चूक माझी पण आसा. तोंड उघडू नको म्हणान मीच सांगलंय. लोक काय म्हणतले, ह्याची माका भीती. आता लोक काय माझो पाय जोडूक येतले? जा, त्या मशिनाचा बघ."

"आणि कार्मीन?"

"कार्मीन देवाकडे आसा. ती खंय जाता? तुझ्या कानात रवाक ती काय भाड्यान रवता?"

गौरजाने त्याला मशीन बसवून दिलं. पहिले दिवस त्रासाचे गेले. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, माडांच्या झावळांची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं. यशोदाबाई कुंपणापलीकडून त्याच्याबद्दल काय बोलतात तेही ऐकू आलं. "आता जपून बोलूक व्हया," त्या सुनेला म्हणत होत्या.

सेलिना घरी आली त्या संध्याकाळी घंटा झाली. ब्लेझबाबने मेणबत्ती लावली आणि बसला. त्याने वाट बघितली. डाव्या अंगाला कुणी नव्हतं. बाहेर एक मोटरसायकल गेली. झाडावर कावळे भांडत होते. कार्मीन बोलली नाही. त्याचा हात कानाकडे गेला. वाटलं, मशीन काढून ठेवावं.

तेवढ्यात खाटेवरून घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात सेलिनाने पहिला अर्धा भाग म्हणायला सुरुवात केली.

त्याने तो पुरा केला. "सांता मारिये..."

ती म्हणत गेली, तो पुरा करत गेला. तिसऱ्या दशकात ती मध्येच थांबली.

"ब्लेझा, कोंबडी झाकलंस मां रे?"

ब्लेझबाबच्या डोळ्यांतून पाणी आलं. दीड वर्षात तेर्साच्या मध्ये त्याला कुणी हे विचारलं नव्हतं! "झाकतंय गो," तो म्हणाला. उठला, कोंबड्यांवर टोपली घातली आणि परत येऊन बसला.

बंधूंनो आणि भगिनींनो, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं हे पाप नाही, भुताटकी नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. तुमच्या घरात कुणाला असे आवाज येत असतील तर ते लपवू नका. देवाची प्रार्थना खुशाल करा, पण डॉक्टरकडेही जा, आणि त्यांना सगळं सांगा. कारण सापडलं म्हणून प्रेम कमी होत नाही. गेलेलं माणूस आपल्याजवळ असतंच, त्यासाठी त्याला कानात धरून ठेवावं लागत नाही. कान मोकळे ठेवा. मागल्या अंगणातून एखादं जिवंत माणूस आपल्याला हाक मारत असेल.