वास्तुशांतीला काढलेलं नाव

"पण तुम्ही नाव काढलंत कशाला?" काउंटरपलीकडच्या पोराने पुन्हा विचारलं. "असं कुणी काढत नाही."

उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी काढत नाही, हे तिला आता ठाऊक नव्हतं का? कमी भाड्याच्या घरांसाठी नाव नोंदवायच्या या ऑफिसात ती कामावरून सुट्टी काढून आली होती, आणि शहाणपण शिकवायला समोर हा कालचा पोरगा! त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. २०११ साली नोंदणी. २०१७ साली अर्जदाराच्या विनंतीवरून रद्द. नाव राहिलं असतं तर चौदा वर्षांची रांग तिच्या खात्यावर जमली असती, आणि इथेच, विमानतळाजवळच्या या बाडहूव्हडॉर्प गावात, दोन खोल्यांचं घर या वर्षात हाती आलं असतं.

"आम्ही स्वतःचं घर घेतलं होतं," ती डचमध्ये म्हणाली.

"घेतलं तरी नाव ठेवतात. माझ्या आईवडिलांचं स्वतःचं घर आहे. ते अजून यादीत आहेत."

"आता घटस्फोट झालाय. घर विकलं. मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिची शाळा इथे आहे. तातडीच्या यादीत नाही बसत?"

"मुलीच्या वडिलांकडे घर आहे?"

"आहे. आइंडहोवनला, दीड तासावर."

"मग मुलगी बेघर होत नाही." तो अगदी मायेने बोलत होता, तेच जास्त झोंबलं. "तातडी लागू होणार नाही. कठीण आहे, मला समजतं."

"डोंबल समजतं तुला," उल्का मराठीत म्हणाली आणि नव्या नोंदणीचं बटण दाबलं. स्क्रीनवर आजची तारीख आली. पुढे शून्य वर्षं.

त्याला सांगणार तरी काय होती ती? वास्तुशांत म्हणजे काय, हे कोणत्या डच शब्दात सांगायचं?

इथे डिपेंडंट व्हिसावर आली तेव्हा शेजारच्या मरैकेने तिला हाताला धरून नाव नोंदवायला लावलं होतं. आमच्याकडे पोरं अठराची झाली की आधी हेच करतात, लागो न लागो, म्हणाली होती. उल्का दर वर्षी न चुकता नोंदणी पुढे चालू ठेवत होती. मग घर घेतलं आणि नवऱ्याने, रवींद्रने, वास्तुशांत घातली. आठवडाभर बँकेत सॉफ्टवेअर तपासणारा हरिहर शनिवारी सोवळं नेसून पूजा सांगायला आला. होमाच्या धुराने अलार्म वाजू नये म्हणून त्यावर आंघोळीची टोपी चढवली. बागेच्या आग्नेय कोपऱ्यातली फरशी उचलून वास्तुपुरुषाची इवलीशी प्रतिमा पालथी पुरली. पंगत बसली, श्रीखंड वाढलं जात होतं, आणि नेमका तेव्हाच नोंदणी चालू ठेवण्याचा मेल आला.

"उल्का, तुझ्या त्या गरिबांच्या घरांचा मेल आलाय!" रवींद्र लॅपटॉपवर वाचून मोठ्याने म्हणाला. सगळे हसले.

त्याच लॅपटॉपवर पुण्याहून सासूबाई पूजा बघत होत्या. "अगं, आजच्या दिवशी भाड्याच्या घराचं नाव कसलं घेता? काढून टाक ते."

"वास्तुपुरुष ऐकतोय बरं का," हरिहर पुरी मोडत म्हणाला. "जे बोलाल त्याला तथास्तु म्हणतो तो. चांगलं बोला."

"आपल्याला नाही लागणार ते कधी," रवींद्र म्हणाला. "उगाच कुणा गरजूची जागा कशाला अडवायची?"

उल्काला तेव्हा किती अभिमान वाटला होता नवऱ्याचा! हळदीकुंकवाच्या बोटाने तिने स्वतः बटण दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात तिच्यासाठी खोली नव्हती.

ऑफिसातून बाहेर पडताच तिने रवींद्रला फोन लावला आणि त्या काढलेल्या नावावरून फैलावर घेतलं.

"मला सांगतेस? बटण कोणी दाबलं?" तो म्हणाला. "मी हात धरला होता तुझा?"

"नाही. नुसतं वीस माणसांसमोर हसलास."

"उल्का, बी प्रॅक्टिकल. सलोनी माझ्याकडे राहील, वीकेंडला तुझ्याकडे येईल. तुला एकटीला रूम पुरते."

"कुठे येईल? उद्यापासून मी राहणार त्या पोटमाळ्यावर मालकीण पाहुणा ठेवू देत नाही! माझ्या पोरीला पाहुणी म्हणायचं आता?"

"मी मीटिंगमध्ये आहे," म्हणून त्याने फोन ठेवला.

सायकल दामटत ती घरी आली. विमानांतल्या जेवणाचे ट्रे भरून मिळणाऱ्या पगारावर कुठलीच बँक तिला कर्जासाठी दारात उभी करत नव्हती, आणि उद्या विकलेल्या घराच्या या दाराच्या चाव्याही द्यायच्या होत्या. पॅसेजमध्ये सलोनीची खोकी रचून ठेवलेली. प्रत्येकावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं, आइंडहोवन. उल्काला रवींद्रचा राग होताच, त्या टाळ्यांचा होता, त्या गोड बोलणाऱ्या पोराचा होता. पण सगळ्यात जास्त राग आपल्या उजव्या हाताचा आला.

तिने स्वयंपाकघराच्या खोक्यातून उलथनं ओढून काढलं आणि तडक बागेत गेली. आग्नेय कोपऱ्यातली फरशी उचकटली. एकदा पुरलेला वास्तुपुरुष उकरू नये म्हणतात. ती उकरत राहिली. नखं मातीने भरली तेव्हा कुठे ती हिरवी पडलेली प्रतिमा हाती लागली.

"चांगलं तेवढंच ऐकायचं होतंस!" ती त्याच्यावर ओरडली. "लागणार नाही म्हणाले, आणि तू मान डोलावलीस? आता माझं ऐक. मला घर मिळणार. लहान का असेना, माझ्या नावाचं. आणि माझी मुलगी माझ्याजवळ राहणार. ऐकलंस?"

"ममा?"

मागच्या दारात सलोनी उभी होती, हातात चिकटपट्टी. कधी आली कोण जाणे. घरात आई मराठीत बोलायची आणि ही डचमध्ये उत्तर द्यायची. लहानपणापासून तसंच चाललेलं. ती जवळ आली, आईच्या तळहातावरच्या प्रतिमेकडे बघत राहिली.

"प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा तो हाच का?" तिने डचमध्ये विचारलं.

उल्काने मान डोलावली.

सलोनीने ओठ जुळवून पाहिले, जरा अडखळली. मग तिच्या त्या डच वळणाच्या जिभेने म्हणाली, "तथास्तु."

म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येऊ लागला.

उल्काने प्रतिमा बागेतल्या नळाखाली धुतली, कोटाच्या खिशात टाकली. माती पुन्हा खड्ड्यात लोटली, फरशी जागेवर बसवली. एक कोपरा वर राहत होता. नव्या घरमालकाला ठेच लागू नये म्हणून ती त्यावर उभी राहिली आणि दोन्ही पायांनी तो दाबत राहिली.